माझ्या जागी पोरगं घेतलं

मिशन रुग्णालयात पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक, म्हणून काम करणाऱ्याचा बराच वेळ जिन्यात जातो. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना फार वेळ उभे राहू देत नाहीत, त्यामुळे मनातले बोलणे बाहेर पायऱ्यांवर होते. आणि मृत्यू अपघाती असला की पंचनामा व शवविच्छेदन उरकेपर्यंत देह ताब्यात मिळत नाही. त्या मधल्या तासांत कुटुंबाजवळ बसायला डॉक्टरांना सवड नसते, आणि भेटीला येणारी प्रार्थनामंडळे पत्रिका वाटून निघून जातात.

अशाच वेळी एका खेडेगावच्या ख्रिस्ती मंडळीतला तरुण बाप माझ्याशेजारी बसला होता. लग्नाहून परतताना तो प्यायलेला होता, मुलाला मोटारसायकलच्या टाकीवर बसवले होते, आणि अंधारात उभ्या असलेल्या, मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली. मुलगा पहाटे गेला. बापाच्या कोपरावर एक चिकटपट्टी होती आणि तो ती सतत नखाने उचकटत होता.

“साहेब, मरायला मी पाहिजे होतो,” तो म्हणाला. “देवानं माझ्या जागी पोरगं घेतलं, येशूला घेतलं तसं. आता माझा हिशोब मिटला का अजून बाकी आहे?”

मी बायबलमधला यहेज्केलाचा अठरावा अध्याय उघडला. पुत्र बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग दाविदाचं लेकरू का मेलं?” त्याचे वाचन पक्के होते. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात संदेष्टा नाथान पाप केलेल्या दावीद राजाला सांगतो की, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. पण लगेच पुढे, तुझे मूल मात्र मरेल. हा उतारा मऊ करून सांगणे मला मान्य नाही. मी इतकेच म्हणालो की, त्या बाळाच्या मरणाने दाविदाची क्षमा विकत घेतली असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. क्षमेचे वचन आधी आले आहे.

हा माणूस असे का बोलत होता, हे मला कळत होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणदिनी, कित्येक उपदेशक अजूनही तो दृष्टांत सांगतात, ज्यात आगगाडी वाचवण्यासाठी बाप पुलाच्या यंत्रात सापडलेल्या लेकाला चिरडू देतो. ऐकणारे रडतात, म्हणून तो टिकला आहे. परंतु त्या गोष्टीत देव दुसऱ्या कोणाचा तरी जीव खर्ची घालतो, आणि प्रवाशांना त्याचा पत्ताही नसतो. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की, देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करीत होता. हे वाक्य गाळून ‘आपल्या जागी’ एवढेच शिकवले, तर स्वतःच्या दोषाने लेकरू गमावलेला बाप त्या शिकवणुकीचे काय करील?

ईश्वरविज्ञानाच्या वर्गात आपण पाळकांनी ख्रिस्ताच्या मरणाविषयीचे सिद्धान्त परीक्षेसाठी ओळीने पाठ केले. निकीया (325) आणि खल्केदोन (451) येथील धर्मपरिषदांनी ख्रिस्त कोण हे ठरवले. त्याचे मरण आपले तारण नेमके कसे करते, याची एकच व्याख्या साऱ्या मंडळीच्या त्या प्राचीन परिषदांनी बांधून दिली नाही. म्हणून मंडळीत अनेक उत्तरे नांदली. स्वीडिश ईश्वरविज्ञ गुस्ताफ औलेन यांनी 1930 मध्ये पुन्हा पुढे आणलेले, ख्रिस्ताने पाप, मरण व सैतान यांच्यावर जय मिळवला हे प्राचीन उत्तर मला प्रिय आहे; मध्ययुगीन विचारवंत अबेलार्दने सांगितलेली, अंतःकरण पालटणारी प्रीतीही प्रिय आहे. तरीही त्या जिन्यावर, ‘देव प्रेमळ आहे, तो क्षमा करतो’ असे मी म्हणालो तेव्हा तो माणूस जवळजवळ रागावला. त्याला त्याचे पाप कोणी हलके केलेले नको होते. मध्ययुगीन ईश्वरविज्ञ अन्सेल्मने 1098 मध्ये पूर्ण केलेल्या संवादग्रंथात शिष्य बोसोला हेच सुनावले आहे: पापाचे ओझे किती आहे, याचा तू अजून विचार केलेला नाहीस. भरपाई झालीच पाहिजे, असे अन्सेल्म म्हणतो. पण माणूस ती करू शकत नाही, कारण जे काही तो देईल ते मुळात देवाचेच देणे आहे. अन्सेल्मला मी आजवर कोरडा समजत होतो. त्या दिवशी त्याच्यावाचून माझे चालले नसते.

मी त्या बापाला म्हणालो, “तुमचं पाप खरं आहे आणि जड आहे. ते तुम्ही फेडू शकत नाही, तुमचं लेकरूही नाही. इब्रीकरांस पत्र म्हणतं, ख्रिस्तानं एकदाच अर्पण केलं. त्यात तुमच्या मुलाचा जीव जोडू नका.” तो काही बोलला नाही. दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मेव्हण्याने बजावले की, ट्रॉलीला दिवा नव्हता तेवढेच सांग. त्याने दिव्याचे सांगितले आणि दारूचेही सांगितले.

हा जबाब पश्चात्ताप होता की फेडीचा आणखी एक प्रयत्न, हे मला अजून उलगडलेले नाही. आता त्याच्या मंडळीच्या पाळकांनी खटला संपेपर्यंत त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवले आहे. मंडळीची शिस्त मला समजते, परंतु न्यायालयाच्या तारखांवर प्रभूचे मेज अवलंबून ठेवणे म्हणजे त्याचा तोच हिशोब पुन्हा उघडणे आहे, असे मी त्यांना पत्राने कळवले आहे, आणि त्यांना भेटायलाही जाणार आहे.