अर्धवट वाटलेली रेकॉर्ड

रात्री स्वयंपाकघर आवरताना मी जी थोडी गाणी लावतो, त्यांत अमेरिकी कंट्री गायक विली नेल्सनची ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही १९७५ सालची रेकॉर्ड वारंवार असते. ती आवाज मोठा करून ऐकण्याची नव्हे. नळ चालू असला तर तिच्यातले निम्मे हरवते, म्हणून नळ बंद करावा लागतो. एक गिटार, मागे कुठेतरी बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलचा हार्मोनिका, आणि ड्रम असून नसल्यासारखे. दोन ओळींच्या मध्ये एवढी मोकळी जागा सोडलेली असते की बाकीचे वादक अजून यायचे आहेत, असे वाटावे.

त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अधिकाऱ्यांना नेमके तसेच वाटले होते. टेप ऐकून त्यांचा समज झाला की हा कच्चा नमुना आहे आणि खरे ध्वनिमुद्रण पुढे व्हायचे आहे. या प्रसंगाचा उल्लेख नेहमी त्यांची टर उडवण्यासाठी केला जातो, परंतु मला तो अन्याय वाटतो. त्या काळी कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात या संगीताची रेकॉर्ड म्हणजे व्हायोलिनांचा ताफा, मागे साथ देणारा गायकवृंद आणि सगळ्यावर एक गुळगुळीत झिलई, असा रिवाज पक्का झालेला होता. या पद्धतीने उत्तम रेकॉर्डही निघाल्या होत्या. खुद्द नेल्सनने लिहिलेले ‘क्रेझी’ पॅट्सी क्लाइनच्या आवाजात १९६१ साली गाजले, ते याच घाटाचे होते. अशा कानांना गार्लंड या टेक्सासमधील गावच्या स्टुडिओत, सुमारे चार हजार डॉलरच्या खर्चात उरकलेले काम अपुरे वाटणे स्वाभाविकच होते. त्यांनी ऐकले ते बरोबरच होते. वाद्ये खरोखरच कमी होती. त्या कमीपणाची किंमत मात्र त्यांना ठरवता आली नाही.

सुदैवाने करारात अंतिम शब्द नेल्सनचा होता. तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून नाव झाले, पण गायक म्हणून फारसे कोणी विचारले नाही. घर जळाले, मग १९७२ मध्ये तो टेक्सासमधील ऑस्टिनला येऊन राहिला आणि तिथे लांब केसांची कॉलेजची पोरे व शेतावरची माणसे एकाच सभागृहात त्याला ऐकू लागली. इतके झाल्यावर माणूस आपला करार नीट वाचून सही करतो. टेपमध्ये बदल झाला नाही.

त्याची गिटारही या आवाजाला जबाबदार आहे. ‘ट्रिगर’ नावाने प्रसिद्ध झालेले हे मार्टिन कंपनीचे वाद्य नायलॉनच्या तारांचे, म्हणजे मुळात बोटांनी वाजवण्यासाठी घडवलेले आहे. म्हणून प्लेक्ट्रमच्या, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चकतीच्या, घासण्यापासून लाकूड वाचवणारी पट्टी त्यावर नाही. नेल्सन मात्र ते प्लेक्ट्रमनेच वाजवतो, आणि त्या घासण्याने लाकडाला चक्क एक भोक पडले आहे. शब्द तालाच्या जरा मागे किंवा जरा पुढे टाकण्याची त्याची खोड आणि या तारांचा कोरडा, तुटक नाद, हे दोन्ही व्हायोलिनांच्या ताफ्याखाली दबून गेले असते.

या रेकॉर्डमधली गाणी मिळून एक कथा सांगतात. ती कथा मात्र मला पूर्ण पचलेली नाही. बेइमान पत्नीला आणि तिच्या प्रियकराला ठार करून घोड्यावर भटकणारा एक धर्मोपदेशक हा तिचा नायक आहे. वाटेत घोड्याला हात लावणाऱ्या एका बाईलाही तो गोळी घालतो, आणि घोडा चोरणाऱ्या बाईला मारल्याबद्दल कोणाला फाशी देता येत नाही, असे गाणे शांतपणे सांगून टाकते. शीर्षकाचे हे गाणे नेल्सनचे नाही. ते जुने आहे, आणि रेडिओवर निवेदक असताना तो ते मुलांसाठी लावत असे! एवढ्या रक्तपातानंतर त्या माणसाला शेवटी प्रेम आणि विसावा मिळतो, तेव्हा मारल्या गेलेल्या बायकांची बाजू कोणी मांडली, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. संगीत इतके संयमी नसते, तर मी ही रेकॉर्ड कदाचित केव्हाच बाजूला ठेवली असती.

श्रोत्यांनी असला काही विचार केला की नाही, कोण जाणे; त्यांनी ती उचलून धरली. फ्रेड रोज यांचे १९४०च्या दशकातील ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे या रेकॉर्डमधील गाणे लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि गायक म्हणून नेल्सनचे ते तिथवर पोचलेले पहिलेच गाणे होते. त्यासाठी त्याला ग्रॅमीही मिळाले. अल्बम कंट्री यादीत अव्वल ठरला आणि पुढे त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. चेट फ्लिपोसारख्या समीक्षकाने ‘टेक्सास मंथली’ या मासिकात त्याचे भरभरून कौतुक केले, आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याला स्थान दिले.

एवढे सगळे पाहूनही कंपनीची धास्ती गेली नाही. १९७८ साली नेल्सनने जुनी, आजीआजोबांच्या काळातली लोकप्रिय गाणी घेऊन ‘स्टारडस्ट’ करायचे ठरवले, तेव्हा ही गाणी कंट्रीच्या श्रोत्यांना रुचणार नाहीत, असे पुन्हा त्याला सांगण्यात आले. तो अल्बम कंट्री यादीत जवळजवळ दहा वर्षे राहिला.