आधी एक वाटा सांग

गणिताच्या बाई कधी सूत्रापासून सुरुवात करत नसत. ‘६४ संत्री दोघांत ३:५ या गुणोत्तरात वाटा’ असं उदाहरण आलं की खडूने आधी तीन चौकोन काढायच्या, त्याखाली पाच. “एकूण वाटे किती? मग आधी एक वाटा सांग.” आठ वाटे, एका वाट्यात आठ संत्री, पुढे २४ आणि ४० लिहायला वेळ लागत नसे. (आमच्या फळ्यावर कायम संत्रीच. आंबे फक्त पुस्तकात असायचे.)

खरी गंमत पुढे होती. गुणोत्तर तेच ठेवून त्या लिहायच्या, ‘एकाला दुसऱ्यापेक्षा १६ संत्री जास्त मिळाली.’ निम्मा वर्ग सवयीने १६ ला ८ ने भागून मोकळा! सहा आणि दहा. मग मागच्या बाकावरून आवाज यायचा, “काऊन बे, फरक तर चारच येऊन राह्यला!” बाई खूश. खालच्या ओळीतल्या दोन जादा चौकोनांवर बोट ठेवायच्या. १६ संत्री या दोन चौकोनांत आहेत, आठांत नाहीत.

तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. सातवीच्या जादा तासाला वयांच्या उदाहरणांनी घाम फोडला. आई आणि मुलीच्या वयांचं गुणोत्तर आज ७:२, पाच वर्षांनी ८:३, तर आजची वयं काढा. आम्ही ‘क्ष’ मांडायला धावलो. बाईंनी थांबवलं. “दोघींच्या वयातला फरक कधी बदलतो का रे?” नाही. सातातून दोन गेले पाच, आठातून तीन गेले पाच. दोन्ही वेळा फरकाचे वाटे तेवढेच, म्हणजे वाटाही तोच. पाच वर्षांत प्रत्येकीचा एकेक वाटा वाढला, म्हणून एक वाटा पाच वर्षांचा. आई ३५, मुलगी १०. हे उदाहरण मला आजही ‘क्ष’ने सोडवावंसं वाटत नाही.

मजूर आणि दिवस यांची व्यस्त प्रमाणाची गणितं मात्र मला रटाळच वाटली.

पुढे नागपूरच्या इतवारी बाजारात व्यापाऱ्यांचे हिशेब लिहू लागलो, तेव्हा कळलं की पुस्तकातले भागीदार फार सज्जन होते. एकाचे ४०,००० वर्षभर, दुसऱ्याचे ६०,००० आठ महिने. भांडवलाला महिन्यांनी गुणलं की दोन्हीकडे ४,८०,००० आणि नफा निम्मा-निम्मा. पुस्तकात इथे उदाहरण संपतं. दुकानात साठ हजारवाला इथेच भांडायला सुरुवात करतो. शिवाय १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की वाटणीचं काही ठरलेलंच नसेल, तर भांडवल कितीही असो, नफा-तोटा सारखा वाटायचा. हे बाईंनी शिकवलं नव्हतं. त्यामुळे कोणी वाटणी करून मागायला आलं की मी आधी भागीदारीपत्र मागतो, भांडवलाचे आकडे नंतर.