पर्जन्य : निरंक

डासांच्या अळ्या शोधायचं आमचं काम, त्याच्या साप्ताहिक अहवालात पावसाचा रकाना असतो. मे महिन्यात मी तिथं 'निरंक' लिहितो आणि पुढं सरकतो. यंदा त्याच आठवड्यात लातूरजवळच्या एका वाडीतल्या शाळकरी पोराची एनएस-१, म्हणजे डेंगूची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली. वरून फोन : "पाऊस नाही, डबकं नाही, डेंगू आला कुठून? पोरगं पुण्याहून आलंय का बघा." पुण्यावर ढकललं की सगळ्यांचं निभतं. पोरगं तर गाव सोडून कुठंच गेलं नव्हतं.

वाडीत टँकर आठ दिवसांनी येतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे इथं कोणी विसरलेलं नाही. पाणी मिळेल त्यात साठवतात.

त्या घरात भुईत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण होता. बॅटरी मारली की अळ्या बुडी मारतात. तसंच थांबायचं, श्वासाला त्या वर येतातच. आल्या. तिरक्या लटकलेल्या, श्वासनळी आखूड, चाल नागमोडी. एडीसच, डेंगू पसरवणारा डास. क्युलेक्स या दुसऱ्या डासाच्या अळीची नळी लांब असते. आमच्यातल्या निम्म्यांना हा फरक कळत नाही, फॉर्म मात्र सगळ्यांचे भरलेले.

"मावशी, रिकामा करावा लागतोय."

"ओतून द्या म्हनता, मग मंगळवारपतोर काय पेयाचं आमी?"

टेमेफॉस हे अळ्या मारायचं औषधही नको म्हणाल्या, पाण्याला वास येतो. मग आशाताईंनी जुनं लुगडं दुपदरी धरलं, पाणी घागरींत गाळलं, तळ उपसून मातीत उलटला. खरं काम पुढंच. अंडी पाण्याच्या रेघेच्या वर कडेला चिकटलेली असतात, काळी, तिळाहून बारीक, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत. काथ्या घेऊन मी पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात घातला, तरी पोटाच्या फुगवट्यात तो पोचेना.

मंगळवारी मी तिथंच होतो. पोराचा ताप उतरला होता. टँकरचा पाइप रांजणात सोडला आणि पाणी त्या न घासलेल्या पट्ट्यावर चढताना मी बघत उभा राहिलो. अंड्यांना पाऊस काय नि टँकर काय, पाणी चढलं की झालं. डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणजे जवळपास पुढच्या खेपेपर्यंत. मावशींनी रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं, माझ्यासमोर तरी.

फॉर्ममध्ये 'रिकामे केले' आणि 'औषध टाकले' एवढंच. गाळलेला रांजण कुठं लिहायचा? पहिल्यावर खूण केली. पावसाच्या रकान्यात 'टँकर, मंगळवार' लिहिलं. डेटा एंट्रीच्या पोरानं ते खोडून 'निरंक' केलं. तिथं अक्षरं घेत नाही म्हणे.