घरीच आहेस ना?

मंगळवार, रात्री साडेदहा

सकाळी ताईचा फोन. "तू घरीच आहेस ना, मग बाबांना डॉक्टरांकडे तूच घेऊन जा." गेले. त्यात वावगं काहीच नाही, नोकरी असती तरी रजा टाकून गेलेच असते. खुपतं ते वेगळंच. माझ्या दिवसात आधीपासून काही ठरलेलं असू शकतं, हे आता कुणाच्या मनातही येत नाही. बँक, गॅसवाला, भाच्याचा प्रोजेक्ट, सगळं आपसूक माझ्याकडे. आणि संध्याकाळी पुन्हा हेच लोक विचारतात, "मग, आज किती ठिकाणी अर्ज केलास?"

पगार बंद झाला की काय होतं, त्याची तयारी थोडीफार होती. खर्च कापता येतो, आकडे मांडता येतात. वेळेचं असं काही होईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी मारिएनथालबद्दल वाचलं आणि बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटून बरं वाटलं. ऑस्ट्रियातलं, व्हिएन्नाजवळचं हे गाव. महामंदीच्या सुरुवातीला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली, १९३३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रिकामा वेळ मिळाला की माणसं वाचतील, शिकतील असं आपल्याला वाटतं. तिथे उलट झालं. वाचनालयाची फी माफ केली होती, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते नीट सांगता येईना. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याची नोंदही या संशोधकांनी ठेवली होती: पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत चालायचे आणि बायका झपझप. गिरणी सुटली तरी बायकांची चूल थोडीच सुटली होती!

माझं या दोन्हीच्या मधे कुठेतरी चाललंय. कुणाचं काम असलं की धावपळ, नसलं की तासन्‌तास मेलबॉक्स खाली ओढून रिफ्रेश करत बसणं. दिवस दोन्हीकडून जातोच.

तर आता मी कामाचे तास लावून घेतलेत. दहा ते एक नोकरी शोधायची, त्या वेळात फोन उचलायचा नाही. घरात तसं सांगून टाकलं. आईला आधी पटलं नाही ("कुठे ऑफिस आहे तुझं?"), पण आता दार लोटून घेतलं की ती हाक मारत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे एक वाजला की मेल बंद. शोधायला सुरुवात करायला शिस्त लागते असं सगळे म्हणतात. मला थांबायलाच जास्त लागते. नाहीतर रात्री बारालाही वाटत राहतं, आणखी एक अर्ज टाकून पाहू का. तो अर्ज भिकारच उतरतो.

अर्जांचा तक्ताही बदलला. आधी तारीख, पद, कंपनी आणि शेवटी 'उत्तर' असे रकाने होते. तो शेवटचा रकाना खालपर्यंत पांढराफटक. रोज उघडलं की आधी तोच दिसायचा. तो काढून तिथे 'मी काय पाठवलं' असा रकाना केलाय: कुठला बायोडेटा, सोबतच्या पत्रात कशावर भर दिला, कुणाला फोन केला. उत्तर येणं माझ्या हातात नाही, मग त्याची हजेरी मी का मांडू?

'पॉझिटिव्ह राहा' हे ऐकून मात्र डोकं फिरतं. चिडायचं नाही का माणसाने? १९९४ च्या एका अभ्यासात नोकरीवरून काढलेल्या अनुभवी लोकांपैकी काहींना सलग पाच दिवस वीस-वीस मिनिटं लिहायला बसवलं होतं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे असेल ते. इतरांपेक्षा त्यांना लवकर कामं मिळाली. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले होते असंही नाही. कदाचित आतला राग कागदावर उतरल्यामुळे मुलाखतीत तो बाहेर पडला नसावा. लोक मोजकेच होते, त्यामुळे फार भरवसा ठेवत नाही. पण माझ्या जुन्या साहेबांविषयी या वहीत जे लिहिलंय ते मुलाखतीत तोंडून निघण्यापेक्षा इथेच बरं.

आणखी एक काम खूप दिवस टाळलंय, ओळखीच्यांना विचारणं. जवळच्या मैत्रिणींना सगळं सांगून झालंय. त्यांना जे ठाऊक तेच मलाही ठाऊक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांची ती ओळख जेमतेमच होती, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांची. म्हणजे मला लाज वाटते नेमक्या त्याच लोकांना विचारायला हवं.

पहिल्या नोकरीत शेजारच्या टीममध्ये एक जण होती. तिला मेसेज लिहून ठेवलाय. 'माझ्यासाठी काही असेल तर बघ' ही ओळ खोडली. तिच्याकडे सध्या कुठल्या कामाला माणसं कमी पडतायत, एवढंच विचारलंय. उद्या दहाला पहिलं काम हेच, आणि पाठवला की तक्त्यात नोंद करायची.