गोल माऊसला टाच बसवताना: माझा अनुभव

१९९८च्या आयमॅक संगणकासोबत ॲपलने दिलेला माऊस पूर्ण गोल होता. न बघता हात टेकवला की पुढची बाजू कुठली, हे बोटांना कळतच नाही. माऊस नकळत ५ अंशांनी फिरलेला असला, तर हात १०० मिमी आडवा नेताना कर्सर जवळपास ९ मिमीच्या प्रमाणात वर किंवा खाली सरकतो. नंतरच्या माऊसच्या बटणावर खाच आली. तिने बोटाला दिशा मिळाली, तळहाताला आधार नाही. २००० साली ॲपलनेच तो बदलून लांबट, ऑप्टिकल (टेबलावर प्रकाश टाकून हालचाल ओळखणारा) माऊस आणला.

तरी तो गोल घाट मला मनापासून आवडतो. म्हणून मूळ माऊसमध्ये बदल न करता त्याचं माप घेतलं, पुढचा घेर तसाच ठेवला आणि मागे ३५ मिमीची उतरती टाच जोडून नवं कवच थ्रीडी प्रिंट केलं. आत साध्या ऑप्टिकल माऊसचा सर्किट बोर्ड.

सगळ्यात जास्त वेळ तळाने खाल्ला. लेन्स जिथे टेकते तिथून टेबलापर्यंत २.४ मिमी अंतर लागतं. पहिला तळ २ मिमी जाड होता, त्याखाली ०.८ मिमीचे टेफ्लॉनचे पाय, बेरीज २.८, आणि गडद कापडावर कर्सर अडखळायला लागला. तळ १.६ मिमी केल्यावर तो सुरळीत झाला. प्रिंट थंड होताना कोपरा उचलला गेला तरी हेच होतं, म्हणून चिकटवण्याआधी तळ काचेवर ठेवून बघावा.

बोर्ड आधी टाचेत ठेवला होता, जागा तिथेच होती. पण मनगटावरून माऊस फिरवताना बोर्डावरचा हालचाल टिपणारा सेन्सर मनगटाच्या जितका जवळ, तितका तो कमी सरकतो. कर्सर जड वाटतो. दोन्ही मायक्रोस्विच (बटणाखालचे क्लिक टिपणारे छोटे स्विच) बोर्डावरून काढून वायरने पुढे नेले, तेव्हा बोर्ड मोकळा झाला आणि सेन्सर बोटांखाली आणता आला. बोर्ड बसवताना सेन्सरची रेषा कवचाच्या मधल्या रेषेशी जुळवावीच लागते, नाहीतर तोच तिरकेपणा पुन्हा येतो.

बटणाची पट्टी १.२ मिमी जाड ठेवली. पट्टी आणि स्विच यांच्यात ०.२ मिमी फट हवी. फट नसेल तर नुसतं बोट टेकलं तरी क्लिक होतं. अर्ध्या मिमीच्या वर गेली की पट्टी खडखडते. माझी फट जास्त झाली होती, ती स्विचवर कॅप्टॉन टेपचे (उष्णता सहन करणाऱ्या पातळ चिकटपट्टीचे) थर चिकटवून भरली.