कलम ६४अ आणि आमचे चौदा महिने

शनिवारी रात्री पावणेबाराला फोन आला. "ताई, तुमचा भाऊ आमच्याकडे आहे. गर्दची केस आहे. येताना त्याचं आधार कार्ड घेऊन या." आई झोपली होती. तिला न उठवता मी रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले.

माझा धाकटा भाऊ बाकावर गुडघे छातीशी धरून बसला होता. सारखा जांभया देत होता, नाक वाहत होतं, हातावर काटा आलेला. मला वाटलं ताप आहे. हवालदार म्हणाले, "ताप नाही ताई, टर्की लागलीय. सकाळपर्यंत असंच चालणार." टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा शारीरिक त्रास. तीन वर्षं तो ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, ओढत होता आणि ही अवस्था त्याच घरात राहणाऱ्या मला ओळखता आली नाही, ही टोचणी अजून आहे.

त्याच्याकडे तीन पुड्या सापडल्या. वजन १.८ ग्रॅम. एवढ्यासाठी दोन पंच, पंचनामा, काटा, लाखेचं सील, पाकिटांवर सह्या. एक अधिकारी आणि तीन शिपाई पहाटे तीनपर्यंत त्यातच अडकले होते. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत, हे मुद्दाम लिहिते. चहा घेताना अधिकारी म्हणाले, "विकणारा सापडत नाही. ओढणारा रोज सापडतो." हे वाक्य मी विसरलेले नाही. एवढी माणसं, एवढे तास, आणि माल देणारा बाहेरच होता.

आपल्याकडचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, एनडीपीएस. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आणि हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण' धरतात. जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ आहेच. गांजासाठी हीच अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे. हे सगळं मला त्या आठवड्यात कळलं.

रविवारी सुट्टीच्या कोर्टात १५,००० रुपयांचा रोख जामीन झाला. बाहेर पडतो न पडतो तोच जिन्यापाशी एकाने गाठलं. "पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करा. दंड होईल, विषय संपेल." खरं सांगते, मी हो म्हणणार होते. माझी रजा संपत आली होती, आईचा रक्तदाब वाढलेला. पण भाऊ एसी दुरुस्तीचं काम करतो आणि दुबईला जायची त्याची खटपट चालू होती. गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, हे तो माणूस सांगत नव्हता. पुढे पोलिसांचा दाखला मागितला की ते निघणारच.

मोफत कायदेशीर मदतीतून मिळालेल्या वकील मॅडमनी आधी भावालाच विचारलं, "तुला हे खरंच सोडायचंय का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टर्की नको." मॅडम म्हणाल्या, तेवढं पुरे. त्यांनी कलम ६४अ उघडून दाखवलं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. दार कायद्यातच आहे. मात्र पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या जिन्यावर, कुठेच ते आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

इथे मी एक चूक केली. घाईघाईत एका खासगी केंद्रात २५,००० रुपये आगाऊ भरले. भिंती उंच, फोन बंद, भेट महिन्यातून एकदा. आठ दिवसांनी मॅडमनी विचारलं, "सरकारी मान्यतेचा कागद आहे का?" नव्हता. त्यांच्या दाखल्याचा कोर्टात काडीचा उपयोग झाला नसता. पैसे गेले. तुमच्यावर ही वेळ आलीच, तर आधी तो कागद मागा.

मधल्या दिवसांत तो पुन्हा पन्नीकडे, म्हणजे चांदीच्या कागदावर गर्द ओढण्याकडे, वळला होता. मग आम्ही सरकारी रुग्णालयाच्या केंद्रात गेलो. डॉक्टर म्हणाले, "टर्की सुरू झाल्यावरच या. आधी औषध दिलं तर उलट जास्त त्रास होईल." म्हणून सकाळी डोंबिवलीहून गाडीने त्याला त्याच अवस्थेत घेऊन गेले. दरवाजाजवळ तो पोट धरून उभा होता आणि बायका सरकून जागा करत होत्या, दयेने की किळसेने कोण जाणे. केंद्रात नर्सने ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे टर्की थांबवणाऱ्या औषधाच्या, गोळ्यांचा चुरा करून त्याच्या जिभेखाली ठेवला. "गिळू नकोस, बोलू नकोस." काही मिनिटांनी तोंड उघडायला लावून तपासलं. तासाभरात त्याची थरथर थांबली. त्याने पाणी मागितलं, मग वडापाव. मी रुग्णालयाच्या पायरीवर बसून रडले.

पुढे महिनोन्‌महिने रोज सकाळी हेच. तिथेच एचआयव्ही आणि हेपटायटिस सीची तपासणी झाली. याचं दोन्ही नीट निघालं. याच्या कट्ट्यावरचा एक जण सुईवर गेला होता, त्याला हेपटायटिस सी होता. केंद्रातली एक कार्यकर्ती म्हणाली, "वस्तीत धाड पडली की चार-पाच दिवस आमची रांग निम्मी होते. पोलिसांच्या भीतीने पोरं इथेही फिरकत नाहीत. सुया मात्र एकमेकांच्या वापरतात." २०१९ च्या एम्सच्या पाहणीत देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात असं निघालं होतं. धाडीच्या प्रत्येक बातमीला आता मला ती निम्मी झालेली रांग आठवते.

चौथ्या महिन्यात तो घसरला. दोन दिवस. ठाकुर्ली स्टेशनवर त्याने मला स्वतःहून सांगितलं. मला पहिली भीती त्याच्या जिवाची नाही, केसची वाटली, आणि याची मला लाज वाटते. डॉक्टरांनी न ओरडता गोळीचं प्रमाण बदललं.

कोर्टात खरा घोळ 'पूर्ण उपचार' या दोन शब्दांवर झाला. सरकारी वकिलांचं म्हणणं, अजून गोळी चालू आहे म्हणजे उपचार पूर्ण नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाला आपण असं विचारतो का? अखेर त्यांनी सविस्तर पत्र दिलं, हजेरीची नोंद आणि लघवीच्या तपासण्या जोडल्या. चौदाव्या महिन्यात न्यायाधीशांनी केस बंद केली. मला त्या आदेशापेक्षा मधल्या महिन्यांचा राग आहे. त्यातल्या प्रत्येक तारखेला भावाचा एक दिवसाचा पगार बुडाला.

पोर्तुगालने हे २००१ मध्येच वेगळं केलं. तिथे दहा दिवसांच्या वापराइतकी नशा सापडली तर ती जप्त होते आणि माणूस कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे जातो. विकणारा मात्र गुन्हेगारच. सुईने नशा करणाऱ्यांमधली नवी एचआयव्ही लागण तिथे नंतरच्या काळात खूप खाली आली. माझी मावसबहीण अमेरिकेत ओरेगॉन राज्यात राहते, तिने दुसरी बाजू सांगितली. त्यांनी २०२१ मध्ये शिक्षा काढली, १०० डॉलरची पावती आणि हेल्पलाइनचा नंबर द्यायला लागले, पण उपचाराच्या जागाच पुरेशा तयार नव्हत्या. सप्टेंबर २०२४ पासून तिथे पुन्हा गुन्हा ठरला. मी तिला म्हटलं, माझ्या भावाला नंबर दिला असता तर त्याने तो खिशात कोंबला असता. त्याला जिभेखालची गोळी आणि रोज सकाळी त्याच वेळी उघडणारं दार मिळालं.

आपल्याकडे २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवावं असं सुचवलं होतं. आमची केस उभी राहिली ती त्यानंतर, जुन्याच कलमांखाली.

आदेशाची नक्कल घ्यायला गेले तेव्हा त्याच जिन्यावर नऊवारीतल्या एक मावशी उभ्या होत्या. मुलाकडे दोन पुड्या. तोच माणूस त्यांना सांगत होता, "कबूल करा, विषय संपेल." मी त्यांना बाजूला घेतलं, आमच्या अर्जाची झेरॉक्स काढून दिली, केंद्राचा पत्ता मागे लिहिला. त्यांना वाचता येत नाही. मुलाची तारीख सोळाला आहे. मी त्या दिवशीची रजा टाकली आहे.