'भाडेकरू', मसुदा पाचवा: कुलूप फुटलं!

फुटलं एकदाचं. चार मसुदे ज्या जागी अडत होते, ती जागा काल रात्री ओलांडली.

'भाडेकरू' ही माझी कथा तुम्हाला माहीत आहेच. पात्राचं शरीर दर महिन्याला बदलतं, कोणतं मिळणार हे यंत्रणा ठरवते आणि पात्र बाई की पुरुष हे वाचकाला कळू द्यायचं नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदन घेतलं की निम्मं काम होतं. अमेरिकी लेखिका अर्सुला ल गुइन यांनी 'विंटर्स किंग' ही १९६९ची कथा १९७५च्या संग्रहात घेताना सर्वनामं स्त्रीलिंगी केली, 'किंग' मात्र तसाच ठेवला. आपल्याकडे 'राजा म्हणाली'पासून पानभर क्रियापदं हलवावी लागतील. 'मी' लिहून पुढे सरकावं, तर 'आलो की आले?' विचारत क्रियापद दारात उभं.

म्हणून चौथ्या मसुद्यात सगळं 'मला'वर ढकललं होतं. मला जाग आली, मला दिसलं, मला वाटलं. लिंग गेलं, पण कणाही गेला. एका मैत्रिणीने वाचून एवढंच म्हटलं, "हे काही करतच नाही गं, याला फक्त सगळं होत राहतं." कथा स्वतःच्या देहावरच्या ताब्याची आणि पात्र 'मला'च्या गादीवर लोळतंय! दोन दिवस फाइल उघडावीशी वाटली नाही.

उत्तर निघालं शाळेतल्या कर्मणी प्रयोगात. मी कुलूप फोडलं. मी करार जाळला. मी खिडकी उघडली. क्रियापद कुलपाच्या, कराराच्या, खिडकीच्या मागे जातं आणि 'मी' कोण ते सांगतच नाही. म्हणजे पात्र जितके हात चालवेल तितकं लपेल, नुसतं उठलं, बसलं, रडलं की पकडलं जाईल. परीक्षेसाठी प्रयोग घोकताना ही गंमत कुणी सांगितली नव्हती.

अर्थात चोरवाटा आहेतच. 'म्हणालो/म्हणाले' चालत नाही, 'म्हटलं' चालतं. 'विसरलो', 'शिकलो', 'प्यायलो' सकर्मक असूनही दगा देतात. पाणी पिण्याचा प्रसंग 'मी पेला रिकामा केला' असा सोडवला आणि खरं सांगायचं तर मूळ वाक्यापेक्षा बरा झाला. जेवण अजून अडलंय. 'जेवण उरकलं' म्हटलं की पात्र उगाच घाईत वाटतं.

चुका हुडकायला फाइलमध्ये 'ले' शोधून बघू नका, अर्धी मराठी उजळून निघते. कागदावर छापून पेन्सिलीने खुणा करणं अजूनही सगळ्यात भरवशाचं. कीबोर्डच्या सूचनांचं तर नावच नको, 'मी' टाइप केलं की माझा कीबोर्ड 'गेलो' पुढे करतो. त्याला कुणी विचारलं?

शेवट मात्र ठरला होता: संपूर्ण कथेत एकच अकर्मक क्रियापद, अगदी शेवटचा शब्द. 'निघाले' किंवा 'निघालो'. पात्राने स्वतः निवडलेलं, यंत्रणेने दिलेलं नाही.

हे लिहितानाच डोक्यात आलं की कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पात्र तिकडचं केलं तर 'निघालो' वाचूनही काही ठरणार नाही! निवड पात्राची आणि कोडं वाचकाचं. फक्त मग पहिल्या ओळीपासून ती बोली हवी, आणि त्या बोलीत 'आलो', 'बसलो' मोकळेपणी लिहिता येत असेल तर ही सगळी कर्मणी शिकार कशासाठी केली?

सहावा मसुदा उद्यापासून. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.